सगळे पाहुणे पुढच्या दाराने

३ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

"कामाचं बोलणं कागदावर हवं, पोस्टात जन्म गेला आमचा," असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून हात पुसून लिहायला बसले आहे. तरी कोपऱ्यात डाग पडलाच. मशीनचं तेल आहे, मनावर घेऊ नका.

अडचण अशी आहे. माझ्या शिलाई मशीन दुरुस्तीची वेबसाइट मी ज्या कंपनीकडे स्वतःच्या हाताने उभी केली, ती कंपनी साइट बनवायचं ते साधनच मे महिन्यात बंद करणार आहे. सगळं बिऱ्हाड दुसऱ्या कंपनीकडे हलवायचं आहे. माझी लेक, म्हणजे तुमची सूनबाई, "आई, अगं अगदी सोपं असतं," म्हणते आणि ऑफिसला पळते. जावई म्हणाले, "बाबांना सांगा, त्यांनी पेन्शनरांच्या संघाची साइट केलीय." म्हणून हा त्रास तुम्हाला.

साइट दिसायला काही खास नाही. मशीनच्या एकेका दुखण्याचं एकेक पान आहे. "मशीन धागा खातंय", "सुई सारखी मोडतेय", "पायडल मारताना रडतंय", अशी. शिवणक्लासच्या बाया आपल्या साइटवर त्या पानांच्या लिंक देतात. आणि मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटाखाली मी एक स्टिकर लावते. ते मशीन ज्या दुखण्यासाठी माझ्याकडे आलं, त्या पानाचा पत्ता त्यावर असतो. पुन्हा तेच दुखलं की माणूस मशीन उलटं करतो, पान उघडतो, वाचून स्वतःच नीट करतो. नाही जमलं तर मशीन माझ्याकडे येतं. माझं दुकान याच वाटेने चालतं.

आता खरं सांगते. दुकानाचा भाडेकरार ऑगस्टअखेर संपतोय. लेक-जावयांनी माझ्यासाठी त्यांच्या घरात एक खोली रंगवून ठेवली आहे आणि दर रविवारी मला तिचा फोटो पाठवतात. मी कबूल केलंय की कामं येत राहिली तर करार पुढे, नाहीतर चावी मालकाच्या हातात आणि मी त्या खोलीत. खोली फार छान आहे. मला तिथे जायचं नाही.

तेव्हा जुन्या वाटेने येणारा एकही माणूस चुकता कामा नये, एवढं बघा. वहिनींना नमस्कार.

तुमची विहीण


११ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र डागासकट पोचलं. जबाबदारी सोपवलीत, धन्य झालो. लग्नात मानपानात जे काही कमी पडलं असेल ते या निमित्ताने भरून काढतो.

मुळीच काळजी करू नका. साइटचं नाव तुमच्या मालकीचं आहे, ते तुमच्यासोबत येतंच. बदलतात ते आतल्या पानांचे पत्ते, कारण नवी कंपनी पानांना आपल्या पद्धतीने पत्ते देते. म्हणजे काय, तर माणूस तोच, घर नवं. अहो, हे तर माझं खातं! बदली झालेल्या, बिऱ्हाड हलवलेल्या माणसांची पत्रं नव्या घरी पोचवण्यात माझे केस पिकले. पोस्टात असताना एक पत्र मी अडवलं नाही की हरवलं नाही. नवी साइट पूर्ण उभी राहीपर्यंत जुनी चालू ठेवायची, मगच नावाची पाटी तिकडे हलवायची, हेही मला ठाऊक आहे. शिवाय जुन्या साइटची एक अख्खी प्रत मी आधीच काढून ठेवली आहे.

आमची ही हे पत्र खांद्यावरून वाचते आहे. म्हणाली, "स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि त्यांच्या साइटवर कशाला हात फिरवताय?" तिचं मनावर घेऊ नका. तिचं मशीन तुम्ही दुरुस्त करून दिल्यापासून त्याची कुरकुर तेवढी थांबली आहे. मशीनची म्हणतोय.

आपला व्याही


२२ एप्रिल

विहीणबाईंना आनंदाचा नमस्कार.

झालं! काल पाटी हलवली. उघडून बघा. पहिल्या पानावर मी मोठा गुलाब लावला आहे, त्याखाली "सुस्वागतम्", त्याखाली तुमचा फोटो (लग्नातला, शालू नेसलेला) आणि त्याखाली तुमचा परिचय. मशीनची पानं आत, "उपयुक्त माहिती" या दालनात, ओळीने लावली आहेत. सगळी आहेत, एकही टाकलेलं नाही.

जुन्या पत्त्यांचा बंदोबस्तही केला. आधी वाटलं होतं एकेका पानाचा वेगळा नियम लिहावा लागेल. पण नव्या कंपनीत एक युक्ती सापडली. एकाच ओळीत हुकूम दिला की कुठल्याही जुन्या पत्त्यावर कोणीही आलं, तरी त्याला सन्मानाने पहिल्या पानावर आणून बसवायचं. म्हणजे कोणी हरवणार नाही.

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका, हे शोभतंही. तुमच्या जुन्या साइटवर लोक कुठूनही घुसत होते. कोणी थेट स्वयंपाकघरात, कोणी माळ्यावर. आता कसं, सगळे पाहुणे पुढच्या दाराने. आधी बसतील, घरच्या बाईंना ओळखतील, मग आत जातील.

आपला व्याही


३० एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार.

साइट पाहिली. गुलाब मोठा आहे. तुम्ही किती वेळ घातलात हे दिसतं, मला अगदी संकोच झाला. शालूतला फोटो बघून समोरच्या किराणावाल्याने विचारलं, कुठे कार्यक्रम आहे का.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक मागच्या दारानेच येतं. पुढे पायऱ्या आहेत आणि मशीन जड असतं. मागे उतार आहे, हातगाडी सरळ माझ्या टेबलापर्यंत येते. पण साइटला पायऱ्या नसतात, तेव्हा तुमचंच बरोबर असेल. तुम्ही जाणते आहात.

वहिनींना विचारलंय म्हणून सांगा.

तुमची विहीण


५ जून

विहीणबाई, नमस्कार आणि अभिनंदन!

साइटवर किती लोक कुठे जातात याचे आकडे नवी कंपनी दाखवते. पहिल्या पानावर काय गर्दी आहे म्हणून सांगू! जुन्या साइटवर त्या पानाकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. आता सगळं जग तिथे लोटलंय. आतल्या पानांवर फारसं कोणी जात नाही, पण त्याचा अर्थ मी असा लावला की लोकांचं गुलाब आणि तुमचा परिचय पाहूनच समाधान होतं.

मी संघातल्या सगळ्यांना हे आकडे दाखवले. तिघांनी आपापल्या व्याह्यांच्या साइटचं काम मला द्यायची तयारी दाखवली.

आपला व्याही


१७ जून

व्याहीबुवांना नमस्कार.

आकडे कळले. आनंद झाला.

इकडे सगळं छान आहे. फोन जरा शांत असतो, त्यामुळे दुकान आवरायला वेळ मिळाला. शेल्फावरच्या सगळ्या मशीनना तेल दिलं. मग परत दिलं. पूर्वी सकाळी कुलूप काढायच्या आत कोणीतरी मागच्या दाराशी मशीन घेऊन उभं असायचं. आता मांजर असतं. मांजराला मशीन नाही.

लोक येतात, माझा फोटो बघतात आणि निघून जातात, असं दिसतंय. शिलाई मशीन तरी आता कोण वापरतं म्हणा. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत.

तुमची विहीण


२० जुलै

व्याहीबुवांना नमस्कार.

सोबत वेगळ्या कागदावर एक मजकूर पाठवत आहे. तो साइटच्या पहिल्या पानावर लावा. गुलाबाशेजारी लावलात तरी चालेल.

मजकूर एवढाच आहे: "हे दुकान ऑगस्टअखेर बंद होत आहे. इतकी वर्षं विश्वासाने मशीन माझ्या हातात दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांची मशीन माझ्याकडे आहेत त्यांनी ती घेऊन जावीत."

मुलांना कळवलं. लेक फोनवर आनंदाने ओरडली, मग माझा आवाज ऐकून म्हणाली, "आई, बरी आहेस ना?" मोठे पाने आणि पक्कड खोक्यात भरले आहेत. लहान स्क्रूड्रायव्हर अजून बाहेरच ठेवला आहे, उगीचच.

तुम्हाला खूप त्रास दिला. तुमचे उपकार विसरणार नाही.

तुमची विहीण


३१ जुलै

विहीणबाई,

तुमची नोटीस मी लावलेली नाही. पोस्टात असताना एक पत्र अडवलं नाही म्हणून मिरवणारा मी, तुमचा हा कागद आठवडाभर अडवून बसलो आहे. कारण सांगतो. फोन करणार होतो, पण हे तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आमची ही उशांचे अभ्रे शिवत होती. मध्येच मशीनने धागा गिळला, पार गुंता करून टाकला. मी म्हटलं, उलटं कर, खाली स्टिकर आहे. तिने मशीन आडवं केलं, स्टिकरवरचा पत्ता फोनवर टाकला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"गुलाब," मी म्हटलं. "सुस्वागतम्."

"मी धाग्याचं पान उघडलंय."

"हो, पण आधी इथे बसायचं असतं. मग आत जायचं."

"कुठून आत?"

मी दाखवायला गेलो. "उपयुक्त माहिती" मलाच चटकन सापडेना. मधे तुमचा परिचय आडवा आला. तिने परत स्टिकरवरचा पत्ता टाकला, परत गुलाब. तिसऱ्यांदा गुलाब आला तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो: "अहो, माझा धागा अडकलाय, आणि तुम्ही मला फुलं कसली दाखवताय? मी परकी असते ना, तर केव्हाच दुसरीकडे गेले असते!"

विहीणबाई, तिथे मला पहिल्या पानावरची ती गर्दी आठवली, जी मी संघात मिरवली. ते सगळे असेच होते. प्रत्येकाचा काहीतरी अडकलेला धागा होता, आणि प्रत्येकाला मी धरून गुलाबासमोर बसवलं. इंटरनेटवर माहिती शोधून देणाऱ्या यंत्रांचंही तेच झालं. त्यांना वाटलं तुमची सगळी पानं गेली, उरला फक्त गुलाब, म्हणून त्यांनी तुमच्याकडे माणसं धाडणंच बंद केलं.

आणि मी कोण? पोस्टमन. माणसाने घर बदललं तर त्याचं पत्र त्याच्या नव्या घरी द्यायचं असतं. गावभरची पत्रं नेऊन चावडीवर ओतली आणि म्हटलं "घ्या शोधून आपापलं", तर मला पहिल्या दिवशीच घरी बसवलं असतं. मी नेमकं तेच केलं. लोकांना मशीनची गरज उरली नाही, असं तुम्हाला वाटलं. गरज होती. मीच वाट बंद केली होती.

जुन्या साइटची प्रत होती म्हणून वाचलो. एकेक जुना पत्ता काढला, त्याच्यापुढे त्याच पानाचा नवा पत्ता लिहिला, आणि बदल कायमचा आहे असं प्रत्येकाला सांगितलं, म्हणजे शोधणारी यंत्रंही नवा पत्ता धरतील. आमची ही शेजारी बसून पत्ते वाचत होती, मी उघडून बघत होतो. धाग्याचा पत्ता आता धाग्यावरच उघडतो, सुईचा सुईवर. नव्या साइटची सगळी पानं त्या यंत्रांना पुन्हा कळवली. गुलाब काढला.

सगळं मूळपदाला यायला काही आठवडे लागतात म्हणे. ऑगस्टअखेर जवळ आहे. वेळेत जमेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तोवर मी नोटीस लावणार नाही. काय बोलायचं ते बोला.

तुमचा व्याही

ता. क. धाग्याचं पान वाचून हिने मशीन स्वतः नीट केलं. मला जवळ येऊ दिलं नाही.


६ ऑगस्ट

अहो व्याही!

नमस्कार वगैरे आज राहू दे. काय बोलायचं ते बोला म्हणालात ना, मग ऐका.

एका ओळीत काम उरकायला कोणी सांगितलं होतं? मी पहिल्याच पत्रात काय लिहिलं होतं? एकही माणूस चुकता कामा नये! आणि तुम्ही झाडून सगळे चुकवलेत! शिवणक्लासच्या बाईने मला काल फोनवर विचारलं, "तुम्ही दुरुस्ती सोडून फुलांचं दुकान काढलंत का?" फुलांचं दुकान! आणि तो शालू! मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईने शालू नेसून बसायचं होय? गिऱ्हाईक म्हणेल, हिला काय येतंय!

तीन महिने मी या दुकानात खुर्चीवर बसून दाराकडे बघत होते. मला वाटलं माझे दिवस संपले. एका दुपारी रडलेसुद्धा, धड असलेलं मशीन उघडून परत जोडताना. तुमच्या गुलाबापायी!

आणि मी एक मूर्ख. एप्रिलमध्येच मला कळत होतं. पायऱ्यांचं लिहिलं, पण पुढे तोंड उघडलं नाही. व्याह्यांना कसं बोलायचं, मुलीच्या सासरी काय म्हणतील! दुसऱ्या कोणी हा घोळ घातला असता, तर त्याच दिवशी त्याला दुकानात बोलावून झापलं असतं.

झालं माझं. पाणी पिऊन आले. आता बरं वाटतंय.

तुम्ही स्वतःहून कळवलंत, दडपून टाकलं नाहीत, हे मी विसरणार नाही. हे मात्र मनापासून. वहिनींना माझ्याकडून साखर द्या. आणि शालूचा फोटो आजच्या आज काढा.

मी


१३ ऑगस्ट

विहीणबाई,

पत्र मिळालं. मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग हिला मोठ्याने वाचून दाखवलं. "फुलांचं दुकान" आल्यावर ती इतकी हसली की डोळे पुसायला अभ्रा घेतला.

मुलांच्या लग्नापासून तुम्ही मला "तुम्ही जाणते आहात" असंच म्हणत आलात. मला वाटायचं या बाई आपल्याला घाबरतात किंवा आवडत नाही आपण त्यांना. काल पहिल्यांदा तुम्ही मला घरच्या माणसासारखं झापलंत. लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येत नाही.

फोटो काढला. त्या जागी फक्त तुमच्या हाताचा फोटो हवा आहे, स्क्रूड्रायव्हर धरलेला. तो छोटा, खोक्यात न भरलेला.

तुमचा व्याही

ता. क. मी रोज सकाळी सगळे जुने पत्ते उघडून बघतो. बीट, म्हणजे पोस्टमनची रोजची फेरी, सोडलेली नाही.


२७ ऑगस्ट

व्याहीबुवा,

घाईत लिहिते आहे, दोन मशीन उघडी पडली आहेत.

मागच्या आठवड्यात पहिला फोन आला. मग दोन दिवस काही नाही. मी मनाची तयारी करून पक्कडही पुन्हा खोक्यात टाकली. आणि सोमवारी सकाळी कुलूप काढायला आले तर मागच्या दाराशी एक बाई उभी, हातगाडीवर मशीन. अगदी जुनं, माझ्याच हातचं, कधी दुरुस्त केलं होतं ते मलाही आठवेना. म्हणाली, "जूनमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाकला तर नुसतं फूल येत होतं. मला वाटलं तुम्ही गेलात. काल सहज परत टाकून बघितलं, तर 'पायडल मारताना रडतंय' सरळ उघडलं! वाचूनच बरं वाटलं, म्हटलं आहेत बाई."

मला गेलेलीच समजली होती ती. तोंडावर सांगत होती, आणि मी हसत होते.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी येतंय. मांजराला बसायला जागा नाही. काल मालकाला बोलावलं आणि करारावर सही केली. लेकीला फोन केला तेव्हा ती आधी रुसली. मग म्हणाली, "आई, तुझा आवाज परत आला." आता त्या खोलीत पाहुणी म्हणून जाईन, जाताना मशीनची पेटी घेऊन.

ती नोटीस तुमच्याकडेच पडली आहे. मला परत पाठवा. माझ्या अक्षरातला असा कागद दुसऱ्याच्या घरी राहू नये. स्वतःच्या हाताने फाडायचा आहे.

तुमची विहीण


२ सप्टेंबर

विहीणबाई,

नोटीस सोबत परत पाठवत आहे. घडीसुद्धा बदललेली नाही.

न पोचलेलं पत्र परत करताना त्यावर कारण लिहावं लागतं, तसा नियम आहे. निवृत्तीनंतर मी शेरा मारायचा नसतो, पण हिने माझं जुनं लाल पेन शोधून हातात दिलं आणि समोर उभी राहिली. म्हणून पाकिटावर लिहिलं आहे. फाडण्याआधी वाचा:

"दिलेल्या पत्त्यावर चौकशी केली. बंद दुकान आढळलं नाही. पाठवणाऱ्यास परत."

तुमचा पोस्टमन